छायाचित्रणाचा प्रात्यक्षिक अभ्यास : दृश्यसंज्ञापनाच्या अंगाने

आकार, प्रकाश, रंग आणि रचना यांच्या साहाय्याने, शब्दांवाचून किंवा शब्दांच्या जोडीने, एखादा आशय एका व्यक्तीकडून दुसरीकडे पोहोचविण्याच्या व्यवहाराला दृश्यसंज्ञापन म्हणतात. छायाचित्रण हे या व्यवहाराचे आज सर्वाधिक वापरले जाणारे साधन असले, तरी त्याचा अभ्यास बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या बटणांपाशी सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. चित्र रेखीव आले, रंग उठून दिसले, पार्श्वभूमी धूसर झाली, की काम साधले असे मानले जाते. ते चित्र पाहणाऱ्याला नेमके काय कळले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. पुढे सुचविलेल्या अभ्यासक्रमाचा पाया मात्र हीच विचारपूस आहे. काढणाऱ्याने जे सांगायचे ठरविले आणि पाहणाऱ्याने जे वाचले, त्या दोहोंतील तफावत प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर तपासून पाहिली, तरच छायाचित्रणाचा अभ्यास संज्ञापनाचा अभ्यास ठरतो. एरवी ती केवळ यंत्र हाताळण्याची तालीम राहते.

यासाठी थोडी सैद्धान्तिक तयारी लागते. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांची जी विभागणी केली, तीतील तीन प्रकार छायाचित्रकाराला पुरेसे आहेत. मूळ वस्तूशी असलेल्या साम्यामुळे जे तिचा बोध करून देते ते सादृश्यचिन्ह. मूळ वस्तूशी प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध असल्यामुळे जे तिच्याकडे बोट दाखविते, जसे ओल्या मातीत उमटलेले पाऊल, ते निर्देशचिन्ह. आणि समाजाने ठरविलेल्या संकेतामुळेच ज्याला अर्थ लाभतो ते प्रतीक. महात्मा गांधींच्या चष्म्याचे छायाचित्र घेतले, तर ते त्या वस्तूसारखे दिसते, त्या वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशानेच ते उमटलेले असते आणि शिवाय स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हापर्यंत पोहोचलेला एक सामाजिक संकेतही त्यातून बोलत असतो. छायाचित्राला पुराव्याचे मोल येते ते या दुसऱ्या, निर्देशाच्या गुणामुळे, आणि छायाचित्राने होणारी फसवणूक पचते तीही त्याच गुणामुळे.

प्रतीकांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. जेजुरीच्या गडावर उधळलेल्या भंडाऱ्याचे चित्र मराठी माणसाला खंडोबापर्यंत नेऊन पोहोचविते. पण ज्याने हा संकेत कधी ऐकलेला नाही, तो ते होळीचे चित्र समजून मोकळा होतो, आणि यात दोष त्याचा नसतो. म्हणून अभ्यासकाने एक वही ठेवावी आणि आपल्या प्रत्येक निवडक चित्राखाली त्यातील अर्थ साम्यावर, निर्देशावर की संकेतावर उभा आहे, आणि तो संकेत कोणाला ठाऊक आहे, हे एका ओळीत नोंदवावे.

साधनांविषयी फार बोलण्याची गरज नाही. पहिल्या काही महिन्यांच्या कामाला हातातला मोबाइल पुरतो. त्याचा मुख्य कॅमेरा साधारणपणे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे विस्तृत कोनाचा असतो, त्यामुळे हातभर अंतरावरून चेहरा टिपल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे. हा विपर्यास लेन्समुळे होतो असा समज आहे. वास्तविक तो अंतरामुळे होतो. दोन पावले मागे सरकून दुप्पट झूम वापरला, तर चेहऱ्याची ठेवण जागेवर येते.

तांत्रिक बाबींचा अभ्यासही अर्थाच्या अंगानेच करावा. लेन्समधील छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि प्रकाशग्राहकाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, किती ठेवली आहे, या तीन गोष्टींवर चित्राचा उजळपणा ठरतो. अ‍ॅपर्चर ४ वरून ५.६ वर आणि ५.६ वरून ८ वर नेले, की प्रत्येक टप्प्याला आत येणारा प्रकाश निम्मा होतो, आणि शटरचा वेळ दुप्पट करून ती तूट भरून काढता येते. उजळपणा तोच राहिला, तरी अर्थ मात्र बदलतो. डोक्यावर पाटी घेऊन लगबगीने जाणारा हमाल सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपला, तर तो गोठतो आणि त्याच्या मानेची शीर न् शीर दिसते. तोच सेकंदाच्या पंधराव्या भागात, कॅमेरा त्याच्या चालीबरोबर फिरवीत टिपला, तर मागचा बाजार रेषारेषांत विरघळतो आणि धावपळ नजरेत भरते. पहिले चित्र श्रमांविषयी बोलते, दुसरे घाईविषयी. बहुतेक मोबाइलमधील अ‍ॅपर्चर स्थिर असते आणि पोर्ट्रेट मोडमधील धूसर पार्श्वभूमी ही गणिताने तयार केलेली असते, हेही अभ्यासकाला ठाऊक असावे. प्रकाशमापनाची एक खोड तर प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावी: कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून हिशेब करतो, त्यामुळे चुना दिलेली भिंत मळकट दिसते आणि काळी म्हैस राखाडी होते. भिंतीसाठी एक ते दीड टप्पा प्रकाश वाढवावा लागतो आणि म्हशीसाठी तेवढाच कमी करावा लागतो.

यानंतरचे मुख्य प्रात्यक्षिक म्हणजे एकच जागा, एकच लेन्स आणि एक महिना. जागा म्हणून गावचा आठवडी बाजार किंवा शहरातील भाजीमंडई निवडणे सोयीचे, कारण तेथे माणसे, वस्तू, अक्षरे आणि व्यवहार हे सारे एकत्र सापडते आणि तीच कृती पुन्हा पुन्हा घडत असल्यामुळे हुकलेली संधी लगेच परतही येते. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. माल कधी उतरतो, घाऊक खरेदीदार कधी येतात, कोणत्या गाळ्यावर किती वाजता ऊन तिरके येते, कोणते विक्रेते बोलके आहेत आणि कोणाला कॅमेऱ्याचा त्रास होतो, एवढेच वहीत टिपावे. घरी आल्यावर या टिपणांतून एक वाक्य तयार करावे. ‘बाजार’ हा विषय झाला, वाक्य नव्हे. ‘या बाजारात भाव बोलून ठरतो आणि माल हाताने पारखला जातो’ हे वाक्य झाले. पुढचा महिना या एका वाक्यासाठी चित्रे शोधण्यात जावा.

वाक्य हाताशी असले, की काय टिपायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय सोपा होतो. एखाद्या माडीवरून घेतलेले बाजाराचे विस्तृत दृश्य केवळ गर्दी सांगते. ते प्रास्ताविक म्हणून घ्यावे आणि पुढे जावे. मध्यम अंतरावर विक्रेती आणि गिऱ्हाईक दोघेही चौकटीत येतात, पण त्यांच्यात काय चालले आहे हे कळत नाही. आणखी जवळ गेल्यावर भेंडीचा ढीग समोर येतो, आणि त्यावर गिऱ्हाइकाचा हात. भेंडी कोवळी आहे की जून, हे पाहण्यासाठी तो तिचा शेंडा अंगठ्याने दाबतो. कोवळी असेल तर शेंडा कट्कन मोडतो, जून असेल तर नुसता वाकतो. त्या वेळी विक्रेतीची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नसते, ती त्या अंगठ्याकडे असते, कारण चार-पाच भेंड्या मोडून तसाच पुढे जाणारा माणूस तिला चांगला ठाऊक असतो. पुढे बोटे व भेंडी आणि मागे तिचे डोळे, असे दोन थर एका चौकटीत आले, की वर लिहिलेले वाक्य चित्रात उतरते. चेहऱ्याइतकाच तपशील हातात असतो, हे नवशिक्यांच्या उशिरा ध्यानात येते.

कॅमेरा कोठून धरला, यालाही अर्थ असतो. विक्रेती जमिनीवर बसलेली असते आणि गिऱ्हाईक उभे असते. उभ्यानेच चित्र घेतले, तर ती आपोआप लहान दिसते आणि चित्र नकळत गिऱ्हाइकाची बाजू घेते. ढिगाच्या उंचीवर उकिडवे बसून घेतले, तर दोघांचा व्यवहार बरोबरीचा वाटतो. तिच्या मागे जाऊन, तिच्या खांद्यावरून घेतले, तर समोरच्या माणसांची भिंत तिला दिवसभर कशी दिसत असेल, याचा अंदाज येतो. तिन्ही जागांवरून तेच दृश्य टिपावे आणि तिन्हींतून निघणारी विधाने वहीत शेजारी शेजारी लिहावीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील छायाचित्र विभागाचे तत्कालीन प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी १९६६ सालच्या पुस्तकात छायाचित्राचा विचार करण्यासाठी जे पाच मुद्दे मांडले, प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिस्थान, त्यांतील दृष्टिस्थान म्हणजे हेच.

चौकटीच्या कडा ही अशीच दुर्लक्षित बाब. डोळा मधल्या विषयावर खिळलेला असतो आणि कडेला अर्धा कापलेला माणूस, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब किंवा मागचा वाढदिवसाचा फलक निसटून आत येतो. शटर दाबण्यापूर्वी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरविण्याची सवय लावली, की निम्मी चित्रे सुधारतात. रंगाचेही तसेच. बहुतेक बाजारांत डोक्यावर निळी ताडपत्री असते. तिच्यातून गाळून आलेला प्रकाश माणसांच्या चेहऱ्यांवर निळसर झाक आणतो आणि टोमॅटो जांभळट दिसू लागतात. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगसमायोजनाची सोय येथे गोंधळते. अशा वेळी ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या आभाळाचा प्रकाश जेथे बाजूने येतो, तेथला गाळा गाठावा हे उत्तम. निळी झाक तशीच ठेवायची असेल तर हरकत नाही. पण ती ठरवून ठेवलेली असावी.

क्षणाविषयी अभ्यासवर्गांतून फार बोलले जाते, आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग रूढही झाला आहे. त्यावरून अनेकांचा समज असा होतो, की सेकंदाला वीस चित्रे काढणारा कॅमेरा घेतला म्हणजे क्षण पकडता येतो. जागा चुकली असेल तर वीसही चित्रे चुकीचीच येतात. जागा आधी पक्की करावी, पार्श्वभूमी स्वच्छ करून घ्यावी आणि मग भेंडी मोडली जाण्याची वाट पाहावी.

थोरांची चित्रे अभ्यासताना केवळ अंतिम चित्र पाहून भागत नाही. त्या चित्राच्या आधी घेतलेली चित्रे उपलब्ध असतील तर ती मुद्दाम पाहावीत. डोरोथिआ लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ या नावाने गाजलेले चित्र या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण त्याच प्रसंगाची अन्य चित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली असून ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याचे पीक बुडाल्यामुळे अडकून पडलेल्या शेतमजुरांच्या तळावर, सरकारी खात्याच्या कामासाठी ही चित्रे घेतली गेली. लांबून घेतलेल्या चित्रात तंबू, भोवतालची मोकळी जमीन, सामान आणि तंबूत बसलेली एक मोठी मुलगीही दिसते. मग अंतर कमी होत जाते, सामान चौकटीबाहेर जाते, मोठी मुलगी वगळली जाते. सर्वांना ठाऊक असलेल्या चित्रात उरतात ती आईच्या दोन्ही खांद्यांना बिलगून तोंड फिरवलेली दोन मुले, मांडीवरचे तान्हे बाळ आणि गालाशी टेकलेला तिचा हात. मुलांचे चेहरे न दिसल्यामुळे पाहणाऱ्याची नजर तिच्या कपाळावरील आठ्यांवरून हलत नाही. पुढे मूळ निगेटिव्हच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठाही पुसट करण्यात आला. पाहणाऱ्याला एकाच ठिकाणी रोखून धरण्यासाठी काय काय गाळावे लागते, याचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

या चित्राची दुसरी बाजूही अभ्यासावी. सोबतच्या मजकुरात त्या स्त्रीचे वय आणि मुलांची संख्या होती, नाव नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव १९७८ मध्ये लोकांपुढे आले, आणि आपले नावदेखील विचारले गेले नाही, अशी तिची तक्रार होती. त्या चित्राने सरकारी मदतीची बाजू प्रभावीपणे मांडली यात शंका नाही. पण ज्या बाईच्या चेहऱ्यावर ते उभे राहिले तिला चार दशके त्यात आवाज नव्हता, हाही त्या चित्राच्या अर्थाचाच भाग आहे.

निवडीचे काम काढण्याइतकेच, किंबहुना अधिक, शिकविते. महिन्याच्या अखेरीस जमलेली चित्रे आठवडाभर न पाहता तशीच ठेवावीत, म्हणजे ती घेताना लागलेले कष्ट विसरले जातात. कष्टाने मिळालेले चित्र चांगलेच असते या भ्रमातून सुटण्याचा दुसरा मार्ग नाही. त्यानंतर वीस चित्रांच्या चार बाय सहा इंची प्रती काढून त्या टेबलावर मांडाव्यात. पडद्यावर चित्रे एकामागून एक सरकत जातात, टेबलावर ती एकमेकांशी भांडू लागतात, आणि एकच गोष्ट सांगणारी तीन चित्रे लगेच उघडी पडतात. अशा प्रकारे विसांतून पाच ठेवावीत.

आता त्या पाच चित्रांची परीक्षा. ती कोणताही मजकूर न जोडता पाच वेगवेगळ्या व्यक्तींना दाखवावीत. त्यांत एक तरी त्या बाजारात रोज वावरणारी आणि एक तरी त्या गावी कधीच न आलेली असावी. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ एवढेच येते. ‘येथे काय चालले आहे?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच शब्दांत वहीत उतरवावे. कोणी ‘बाई भाजी विकते आहे’ एवढेच म्हणाले, तर भाव आणि पारख चित्रात आलेली नाही हे उघड आहे, आणि ते मान्य करून पुन्हा बाजारात जाणे हाच उपाय. समजावून सांगण्याचा मोह होईल, तो आवरावा.

दुसऱ्या फेरीत तीच चित्रे फोटोओळीसह दाखवावीत. फ्रेंच चिन्हमीमांसक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मधील निबंधात असे दाखवून दिले, की चित्रातून अनेक अर्थ निघू शकतात आणि सोबतचे शब्द त्यांतील एका अर्थाला नांगर टाकल्यासारखे जागेवर धरून ठेवतात. ‘भाव पाडून मागणारे गिऱ्हाईक’ आणि ‘कोवळी भेंडी पारखताना एक गृहिणी’ या दोन ओळींनी एकाच चित्राचे दोन निवाडे होतात. वृत्तपत्रीय शिस्तीप्रमाणे फोटोओळीत कोण, काय, कोठे व केव्हा हे असावे आणि जे चित्रात दिसतेच आहे त्याची पुनरुक्ती नसावी. कधी शब्द चौकटीच्या आतच असतात. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या एका चित्रात पंडित नेहरू विमानतळावर बहिणीची वाट पाहत उभे आहेत आणि शेजारीच छायाचित्रणास सक्त मनाई असल्याची पाटी आहे. पाटी चौकटीबाहेर ठेवली असती, तर त्या चित्रातील सारा खट्याळपणा गेला असता.

पाच चित्रांचा क्रम हा पुढचा टप्पा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्यापाठोपाठ कधी सूप, कधी शवपेटी दाखविली असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक किंवा दुःख दिसले. विक्रेतीच्या चेहऱ्याचे चित्र एकदा भेंडीनंतर आणि एकदा संध्याकाळी उरलेल्या मालानंतर ठेवून हा अनुभव कोणालाही घेता येतो. दीर्घ चित्रकथेचे नमुने म्हणून दोन कामे तरी पाहावीत. ‘लाइफ’ साप्ताहिकात १९४८ साली आलेली यूजीन स्मिथ यांची ‘कंट्री डॉक्टर’ ही कोलोरॅडोतील एका खेड्यातल्या डॉक्टरची कथा हे एक, आणि मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी केलेले काम हे दुसरे. ओलवे यांच्या कामात कचऱ्यात उतरलेले कामगार जसे दिसतात तसे त्यांच्या घरातले जगणेही दिसते, आणि त्यामुळे ती माणसे केवळ दयेचा विषय राहत नाहीत.

शेवटी संमती, फेरफार आणि कायदा. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडवे चित्र उभ्या चौकटीत बसविण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकविले, तेव्हा त्या मासिकाच्या विश्वासार्हतेवरच चर्चा झाली; उजळपणा आणि रंग दुरुस्त करणे वेगळे व वस्तू हलविणे वेगळे, ही मर्यादा माहितीपर चित्रांत पाळावीच लागते. लैंगिक अत्याचारातील पीडितांची, तसेच बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येणाऱ्या बालकांची ओळख पटेल असे चित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. हक्कांच्या बाबतीत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात छायाचित्रावरील स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो, हे लग्नसमारंभांची कामे घेणाऱ्यांनी विशेषतः ध्यानात ठेवावे.

संमतीचा प्रश्न कायद्यापुरता सोडून देऊ नये. बाजारातील ज्या व्यक्तींची चित्रे निवडीत आली, त्यांच्याकडे प्रत्येकी एक छापील प्रत घेऊन अभ्यासकाने पुन्हा जावे आणि फोटोओळ त्यांना वाचून दाखवावी. नाव चुकले असेल तर ते तेथेच दुरुस्त होते, गाव चुकले असेल तर तेही कळते, आणि भेंडी पारखण्याच्या चित्रात वास्तविक गवारीचा भाव चालला होता, असेही कधी निघते. कोणाला चित्र प्रसिद्ध होणे नको असेल, तर ते निवडीतून काढून टाकावे आणि पाचवे चित्र नव्याने शोधावे.